आठशेबारा

सायकलवाल्याला त्या रस्त्यावर सगळे 'आठशेबारा' म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं म्हणाल, तर त्याचं त्यानंच. माणूस दिवसातून दहा वेळा एकच आकडा लोकांच्या कानावर घालायला लागला, तर लोकांनी तरी दुसरं काय करावं?

आकडा होता त्याच्या क्रेडिट स्कोअरचा. तीनशे ते नऊशे अशी ती पट्टी. सातशेच्या वर गेलात की बँकेत बसायला खुर्ची मिळते, सहाशेच्या खाली घसरलात की दारावरचा पहारेकरीसुद्धा सरळ बघत नाही. लेकीनं गेल्या वर्षी वाढदिवसाला तो आकडा फोनवरून काढून, छापून आणून दिला होता. सायकलवाल्यानं कागद प्लास्टिकमध्ये घातला आणि गल्ल्याच्या वर, ट्यूबांच्या नि चेनींच्या मधोमध टांगला. त्या कागदाच्या मागे आणखी चार पानं होती, ती त्यानं वाचली नाहीत. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका कोण वाचतं?

पंक्चर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची मग सुटका नसायची. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता हा सुरू व्हायचा, "बघा, आयुष्यात कर्ज काढलं नाही, कार्ड वापरलं नाही, कुणाचं एक नाणं ठेवलं नाही. म्हणून हे." आणि ग्रीसनं माखलेला अंगठा वरच्या कागदाकडे. गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं, कारण चाक ह्याच्या हातात. मग दुसरा अध्याय. "आमची ही होती ना, पूर्वीची, तिला पैशाची अक्कलच नाही. कार्ड हातात आलं की घास. म्हणून तर मोडलं." लग्न मोडून नऊ वर्षं झाली होती, पण सायकलवाल्याच्या तोंडून ते दर आठवड्याला नव्यानं मोडायचं. नाकानं कांदे सोलावेत तर ह्या माणसानं!

खरं कारण अगदी साधं होतं. बायकोनं कर्ज काढून एक जुनी मोटार घेतली आणि लोकांना गाडी शिकवायला लागली. सायकलवाल्याच्या घरात मोटार, आणि तीही बायकोच्या नावावर, म्हणून ह्याच्या पोटात दुखलं. कर्जाच्या नावानं वर्षभर भांडण चाललं. शेवटी ती गाडी घेऊन निघून गेली आणि हा सायकली घेऊन राहिला. आता तिच्या दोन गाड्या गावभर फिरायच्या, टपावर पिवळ्या पाट्या लावून. पाटी दिसली की हा खाली वाकून पेडल तपासायचा.

असं सगळं सुखात चाललेलं असताना, महिन्याच्या आठ तारखेला दुकानाची मालकीणबाई आली. ऐंशीच्या पुढची बाई, स्पष्ट बोलणारी.

"मी मुलाकडे राहायला जातेय," ती म्हणाली. "दुकान विकून टाकायचंय. वीस वर्षं तू इथे आहेस म्हणून आधी तुला विचारते. महिनाअखेरपर्यंत सांग. नाहीतर शेजारचा गादीवाला तयारच आहे. मधली भिंत पाडायची म्हणतोय."

गादीवाला शेजारच्या दारात उभाच होता. खिशातून मोजपट्टी डोकावत होती.

सायकलवाल्यानं दुकानभर नजर फिरवली. हे दुकान गेलं तर दुसरं कुठलं? चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेला होता, आणि तोही काही अंशी तसाच बसलेला होता. चोपन्नाव्या वर्षी नवा रस्ता, नवी गिऱ्हाइकं, आणि भाडं ऐकलं तर तोंडचं पाणी पळेल अशी नवी जागा. पण ही धास्ती क्षणभरच. मग त्याची नजर वर कागदाकडे गेली आणि छाती पुन्हा फुगली. किमतीचा पाचवा हिस्सा त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवला होता. उरलेलं कर्ज. आठशेबाराला कर्ज नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?

"घेतो मी," तो म्हणाला, आणि गादीवाल्याकडे बघून मुद्दाम घंटी वाजवली.

बँकेत कर्जाच्या टेबलावर एक तरुण बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. सायकलवाला खुर्चीत ऐसपैस बसला.

"आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. माझा आकडा आठशे बारा."

बाईंनी चष्मा खाली ओढला, बोटं चालवली. "सहाशे चौऱ्याहत्तर."

"कुणाचा?"

"तुमचा."

"बाई, नीट बघा हो. दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

बाईंनी पडदाच त्याच्याकडे वळवला. नाव त्याचं, पत्ता त्याचा, जन्मतारीख त्याची. आकडा मात्र कुणा भलत्याच माणसाचा.

"तुमच्या नावावर कर्ज नाही, कार्ड नाही," बाई म्हणाल्या. "एकच खातं दिसतंय, आणि तेही तुमचं नाही. कुणाच्या तरी कार्डावर तुमचं नाव जोडलेलं आहे. वापरायची परवानगी तुम्हाला, बिल भरायची जबाबदारी मूळ मालकाची. कार्ड बावीस वर्षं जुनं आहे, आणि इतक्या वर्षांत एकदाही भरणा चुकलेला नाही. फार सुंदर खातं आहे. तुमचे आठशे बारा त्याच्यावरच उभे होते."

"आणि कर्ज न काढल्याचे मार्क?"

"त्याचे मार्क नसतात हो. कर्जच काढलं नाहीत, तर तुम्ही फेडता की बुडवता हे कुणाला कसं कळणार?"

सायकलवाल्याचा अंगठा सवयीनं वर गेला, पण इथे वर कागद नव्हता. इतक्या वर्षांत त्याला कुणी गप्प केलं असेल तर ते इथे, ह्या पोरसवदा बाईनं.

"मग आता का पडला?" त्यानं विचारलं.

"मालकानं ह्या वेळी कार्ड जवळजवळ काठोकाठ भरलंय. शंभरातले त्र्याण्णव वापरलेत. एवढं कार्ड भरलं की हिशेब करणाऱ्या यंत्राला वाटतं, माणूस अडचणीत आला. मग मालकाचा आकडा पडतो, आणि जोडलेल्या माणसाचाही. तुमचं तर दुसरं काहीच नाही, म्हणून तुमचा जरा जोरात पडला."

बावीस वर्षं. सायकलवाल्याला आता आठवलं. लग्न होऊन चार महिने झाले होते. तिनं एक पाकीट पुढे केलं होतं, "हे तुमच्या नावाचं, माझ्या कार्डावर घेतलंय." मोठ्या कौतुकानं दिलं होतं. त्यानं ते तिच्यासमोरच पत्रा कापायच्या कात्रीनं चार तुकडे करून कचऱ्यात टाकलं होतं, आणि वर उधारीवर एक भाषणही दिलं होतं.

"मी ते कार्ड कापून टाकलं होतं!" तो ओरडला.

"कार्ड कापलंत," बाई म्हणाल्या. "नाव कुठे कापलंत?"

"मग आत्ताच्या आत्ता काढा ते!"

"निघेल की. एका फोनचं काम. पण मग तुमच्याकडे काहीच उरणार नाही. आकडाच येणार नाही."

"म्हणजे शून्य?"

"शून्यसुद्धा नाही. कोरी पाटी. आणि कोऱ्या पाटीला आम्ही एवढं कर्ज देत नाही." बाईंना जरा दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, काही बँका असल्या जोडलेल्या खात्याला भीक घालत नाहीत. आमची नुसता आकडा बघते. सातशे वीस हवेत, बाकीचे कागद तुमचे ठीक आहेत. त्या कार्डाचं बिल वीस तारखेला निघतं. त्याच्या आत मालकानं रक्कम भरून टाकली, तर कार्ड रिकामं दिसेल आणि आकडा परत वर जाईल. मी पंचवीसला पुन्हा बघते. ओळखीतलेच असतील ना मालक?"

"होते," सायकलवाला म्हणाला.

दुकानात येऊन त्यानं पहिलं काम केलं ते हे, की तो कागद खाली उतरवला. एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "काय हो आठशेबारा, कागद कुठे गेला?"

"पुसायला काढलाय," तो म्हणाला, आणि त्या माणसाचं पंक्चर एक शब्द न बोलता काढून दिलं. गिऱ्हाईक घाबरून जास्तीचे पैसे ठेवून गेलं.

संध्याकाळी त्यानं लेकीला गाठलं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. सगळं ऐकून ती इतकी हसली, की तिला खोक्यावर बसावं लागलं.

"म्हणजे बाबा, नऊ वर्षं तुम्ही आईच्या आकड्यावर बसून आईलाच शिव्या देत होतात?"

"शिव्या नाही. मतं."

"मतं!" ती पुन्हा हसली.

"तू सांग ना तिला. वीसच्या आत भर म्हणावं. कारण सांगू नकोस."

"मी नाही. मतं तुमची, तोंड तुमचं. तुम्हीच जा."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी, ही म्हण सायकलवाल्याला वाटेत आठवली. पण ह्यात हरी कोण आणि गाढव कोण, हे काही त्याला सोयीनं ठरवता येईना. तीन दिवस त्यानं विचार केला. आणि तीन दिवसांच्या विचारातून जी युक्ती निघाली, ती तीन मिनिटांच्या विचारातूनही निघू नये अशी होती. त्यानं एका गिऱ्हाइकाचा फोन मागून घेतला, दुकानाच्या मागच्या बाजूला टायरांच्या चवडीआड गेला, तोंडावर रुमाल धरला आणि तिचा नंबर फिरवला.

"हॅलो, कार्ड कंपनीतून बोलतोय," तो नाकात बोलला.

"बोला साहेब."

"आपल्याला विनंती आहे, की ह्या महिन्याची रक्कम वीस तारखेच्या आत भरावी."

"आत? माझी शेवटची तारीख तर पुढच्या महिन्याची दहा असते."

"हो, पण लवकर भरणाऱ्यांना बक्षीस आहे."

"अगंबाई! काय?"

सायकलवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं. "हवा भरायचा पंप."

मग ती अगदी साखरेच्या आवाजात म्हणाली, "वा! छान. साहेब, आता फोन केलाच आहे तर माझंही एक काम करा. माझ्या कार्डावर आणखी एक नाव आहे. जुनं आहे, काही उपयोगाचं नाही. तेवढं काढून टाका."

"नको!" रुमाल हातातून पडला. त्यानं तो घाईनं उचलला. "म्हणजे, असं एकदम काढू नये."

"का हो?"

"त्या माणसाचं नुकसान होतं."

"होऊ दे की. आयत्या बिळावरचा नागोबा तो! आणि वर सांगत फिरतो, मी उधळी म्हणून."

"तो तसं म्हणत नसेल."

"कार्ड हातात आलं की घास, असं म्हणतो. माझ्याकडे शिकणाऱ्या निम्म्या बायकांची पोरं त्याच्याकडे पंक्चर काढून घेतात, साहेब. शब्दन् शब्द पोचतो मला."

सायकलवाल्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. बरं, फोन ठेवून द्यावा, तर दुकान डोळ्यांपुढून हलेना.

"आणि असं बघा," ती म्हणाली, "पैशाच्या गोष्टी मी फोनवर करत नाही. हल्ली फसवाफसवी फार वाढलीय. समोर या. उद्या सकाळी सातचा धडा रिकामा आहे, फी रोख. आणि तो रुमाल धुऊन आणा, ग्रीसचा वास इथपर्यंत येतोय."

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना तो नाक मुठीत धरून तिच्या गाडीपाशी उभा होता. धुतलेला रुमाल खिशात होता. तिनं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि चाव्या पुढे केल्या.

"बस."

"मला मोटार येत नाही."

"येत असती तर मी कशाला लागले असते? बस, म्हणते ना."

लग्नाची तेरा वर्षं ती त्याला अहो-जाहो करायची. वेगळी झाली त्या दिवसापासून अरे-तुरे करायला लागली. लेकीनं एकदा विचारलं, तर म्हणाली, आत्ता कुठे ओळख झाली. सायकलवाल्याला ते फार खुपायचं. पण आज तो मुकाट्यानं चाकामागे बसला, पट्टा लावला आणि तिनं सांगितलं तसा क्लच सोडला. गाडी उचक्या देत निघाली. तिच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, शिकवणाऱ्याचा. तो कशासाठी आहे हे त्याला लवकरच कळलं.

"हं, बोल. कशाला आलास?"

"सहज. म्हटलं, शिकून घ्यावं."

तिनं ब्रेक दाबला. पट्टा त्याच्या छातीत रुतला.

"पुढचं बोल."

"लेक मागे लागली होती."

पुन्हा ब्रेक. मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"अगं, लोक काय म्हणतील!"

"लोक म्हणतील, शिकाऊ आहे. बोल."

"दुकान जातंय माझं," सायकलवाला म्हणाला.

ह्या वेळी ब्रेक लागला नाही. गाडी आपली रस्त्याच्या कडेकडेनं चालत राहिली, आणि त्यानं सगळं सांगितलं. मालकीणबाई, गादीवाल्याची मोजपट्टी, सहाशे चौऱ्याहत्तर, वीस तारीख. सांगताना त्यानं एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. अर्थात, गाडी सांभाळताना तेवढी सवड नव्हती.

"एक विचारू?" तो शेवटी म्हणाला. "नाव काढलं का नाहीस?"

"आधी विसरले," ती म्हणाली. "मग बिलाच्या कागदांत तुझं नाव दिसलं आणि डोकं फिरलं. फोन हातात घेतला होता मी. तर त्याच आठवड्यात लेक म्हणाली, बाबा भाड्यानं खोली बघतायत आणि प्रत्येक घरमालक आकडा मागतोय. म्हटलं, खोली मिळेपर्यंत राहू दे."

"ती खोली मला..."

"मग काय, तुझ्या गोड स्वभावाकडे बघून मिळाली? मिळाल्यावर म्हटलं, असू दे. नाव काय खायला मागतंय?"

सायकलवाल्याला लाज वाटली. आडून नाही, उगाच नाही. सरळ लाज वाटली. त्या खोलीत तो नऊ वर्षं राहत होता, आणि त्याच खोलीतून रोज सकाळी निघून तिची निंदा करायला दुकानात जात होता. गाडी आचका देऊन बंद पडली. ह्या वेळी ती त्याच्याच पायानं पडली होती.

"मी फार बोललो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"चुकलंच." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "पण वीसच्या आत भरायला पैसे नाहीत रे माझ्याकडे. खरंच नाहीत. तिसरी गाडी घेतली, तिची सुरुवातीची रक्कम कार्डावर घातली. एका कुरिअर कंपनीची वीस माणसं शिकवतेय, त्यांचे पैसे एकोणतीसला येणार. माझी मुदत दहाची, म्हणून मी निर्धास्त होते. तुझं शेपूट ह्याच महिन्यात माझ्या कार्डात अडकणार हे मला काय माहीत?"

किती भरायचेत, ते सायकलवाल्यानं विचारलं. रक्कम तिनं सांगितली, ती त्याच्या डब्यातल्या पैशांपेक्षा थोडीशीच कमी होती.

"माझ्याकडे आहेत," तो म्हणाला. "दुकानासाठी साठवलेले. ते घे, बिल भर. एकोणतीसला तुझे आले की परत दे. तीसला मला बँकेत भरायचेत."

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "शुद्धीवर आहेस ना? मी परत दिले नाहीत तर पैसेही गेले आणि दुकानही गेलं."

"माहीत आहे."

"आणि मी म्हणजे कार्ड हातात आलं की घास."

"माहीत आहे म्हटलं ना!"

"बरं, कागद करायचा? दोन साक्षीदार?"

हा माणूस व्हॉल्व्हच्या टोपणाचीसुद्धा पावती फाडायचा. "कागद नको," तो म्हणाला, आणि हे शब्द आपल्या तोंडून आले म्हणून आरशात बघितलं.

एकोणीसला बिल भरलं गेलं. पंचवीसला कर्जवाल्या बाईंचा फोन आला, आकडा सातशे शहाण्णव, कर्ज मंजूर. तीस तारखेला दुपारी तीन वाजता मालकीणबाईंना घेऊन या, पहिली रक्कम आणा, चारला व्यवहार बंद होतात.

मग एकोणतीस उजाडली. सकाळ गेली, दुपार गेली. तिचा फोन नाही, निरोप नाही. विचारावं तर विश्वास नाही असं होणार, न विचारावं तर जीव थाऱ्यावर नाही. सायकलवाल्यानं एकाच चाकाचा आऊट तीनदा काढला, इतका की चौथ्या वेळी तेच चाक लंगडायला लागलं.

"आईला फोन करू?" लेकीनं विचारलं.

"खबरदार!" तो म्हणाला. "देते म्हणाली ना? मग देईल." आणि रिकामा डबा उघडून पुन्हा बंद केला.

तीसला तीन वाजता तो बँकेत रिकाम्या हातानं बसला होता. मालकीणबाई छडीवर हनुवटी टेकवून बसली होती. तिच्या शेजारी गादीवाला. सहज आलोय म्हणाला. खिशात मोजपट्टी होतीच.

सव्वातीन झाले. साडेतीन झाले. कर्जवाल्या बाईंनी दोनदा घड्याळाकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"येतायत ना त्या पैसे घेऊन?"

"येतेय," सायकलवाला म्हणाला. आवाज त्याचा त्याला ओळखू आला नाही. मनात म्हणत होता, गेलं, सगळं गेलं, आणि ह्या वेळी कुणाला नावं ठेवायचीही सोय नाही, कारण कागद नको असं तूच म्हणालास, शहाण्या.

पावणेचारला पाच कमी असताना काचेतून एक पिवळी पाटी दिसली. गाडी रस्त्यावरून येत होती. येत होती म्हणजे काय, चालणारी माणसं तिला मागे टाकून जात होती. दर दहा हातांवर थांबायची, उचकी द्यायची, पुन्हा निघायची. चाकामागे घामानं निथळलेली एक पोक्त बाई, आणि शेजारी ती, हाताची घडी घालून, जशी काही सहलीला निघालीय. सायकलवाला उठून काचेला जाऊन चिकटला. गाडी एकदाची लागली. वाकडी, पण लागली.

"अगं, काय हे! जीव गेला माझा इथे!"

"कालचे पैसे आज दुपारी एकला जमा झाले," ती आत येत म्हणाली. "काढून निघाले, तर दोनच्या ह्या बाई दारात. पहिलाच धडा त्यांचा. म्हटलं, चला, तुम्हीच चालवा बँकेपर्यंत. आता शिकणाऱ्याला घाई कर कसं सांगणार? माझा धंदा आहे तो." तिनं पर्समधून जाडजूड पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मोज."

"नको."

"अरे, मोज."

"नको म्हटलं ना."

"तुम्ही नका मोजू," कर्जवाल्या बाई म्हणाल्या आणि पाकीट ओढून घेतलं, "पण मला मोजावेच लागतील." त्यांनी मोजले. बरोबर होते. चारला चार कमी असताना मालकीणबाईनं सही केली. गादीवाल्यानं मोजपट्टी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि मग उगाचच टेबलाची रुंदी मोजून बाहेर पडला.

सायकलवाल्यानं आपल्या नावाच्या कागदाकडे बघितलं. दुकान त्याचं झालं होतं. हसावं की रडावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं खिशातला धुतलेला रुमाल काढून कपाळ पुसलं.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "आता तुमच्या नावावर तुमचं स्वतःचं खातं आहे. हप्ते वेळेवर भरा, वर्षभरात तुमचा तुम्हाला आकडा उभा राहील. आणि ते कार्डावर जोडलेलं नाव आता काढलंत तरी चालेल. मी तर म्हणेन, काढाच. कर्ज मिळालंय, मग दुसऱ्याच्या खर्चाचा धक्का तुम्हाला कशाला?"

तिनं पर्समधून फोन काढला आणि कार्ड कंपनीचा नंबर शोधून त्यावर बोट धरलं.

"काढू का?" तिनं विचारलं. ह्या वेळी आवाजात साखर नव्हती, चेष्टाही नव्हती.

सायकलवाल्यानं रुमालाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला.

"नीट विचार कर हं. पुढच्या महिन्यात नव्या गाडीला दुहेरी ब्रेक बसवायचेत, रंग द्यायचाय, विमा आहे. सगळं कार्डावर. तुझा आकडा परत गडगडेल."

"गडगडू दे."

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि बाहेर उभ्या असलेल्या शिकाऊ बाईंना हाक मारून सांगितलं, की परत जाताना मागे एक माणूस वाढलाय, तेव्हा जरा सांभाळून.